कुलूप काढल्याची नोंद

६ जानेवारी, सोमवार

अक्षताने आज माझ्या टेबलावर फोन ठेवला — ठेवला कसला, आपटला. “मॅडम, ऐका.”

फोन म्हणाला, “रिकामं पान.” तिने बोट सरकवलं. “रिकामं पान.” पुन्हा तेच.

पान रिकामं नव्हतं. मला दिसत होतं ना! राज्यव्यवस्था, प्रकरण पहिलं, बारीक अक्षरांनी गच्च भरलेलं.

अक्षता आमच्या कॉलेजात एम.ए.ला आहे. जन्मापासून दिसत नाही. कात्रजहून दोन बस बदलून येते, राज्यसेवेची तयारी करते. तिचा फोन पडद्यावरचं सगळं वाचून दाखवतो — मेसेज, बातम्या, वर्गातल्या मुलींनी पाठवलेले फालतू विनोदसुद्धा. फक्त ‘पानदीप’ अ‍ॅपवर तिने स्वतःच्या नावाने विकत घेतलेलं हे एक पुस्तक तेवढं वाचत नाही. कोणी कॉपी करू नये म्हणून कंपनीने त्याला कुलूप घातलंय. फोनच्या आवाजालाही ते कुलूप चोरच समजतं.

“छापील घेतलं असतं तर निदान रद्दीत तरी देता आलं असतं,” म्हणाली आणि तासाला गेली.

७ जानेवारी

कुलूप काढता येतं. मला येतं. दोन वर्षांपूर्वी ग्रंथपालांच्या एका कार्यशाळेत पाहिलं होतं. पण येतं म्हणून करायचं का? मी कंत्राटी सहायक ग्रंथपाल. अकरा महिन्यांचा जीव माझा, दर वर्षी नव्याने जन्म घेणारा.

तेजस्विनीला फोन केला. खडकीच्या शाळेत एका बाकावर होतो, आता शिवाजीनगर कोर्टात वकील आहे. तिने चहा पीत पीतच सांगितलं. दोन कलमं आहेत म्हणे. एक म्हणतं, हक्क बुडवण्याच्या इराद्याने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. दुसरं म्हणतं, दिव्यांग माणसाला वाचता यावं म्हणून पुस्तकाचं रूप बदललं तर तो हक्कभंगच नाही.

“म्हणजे चालतं?”

“चालतं. पण दुसऱ्यासाठी काढून देणाऱ्याने नोंद ठेवायची. कोणाला दिलं, राहतो कुठे, कशासाठी. एक वही घाल.”

“नक्की ना?”

“कायदा नक्की आहे गं. बाकी कशाची गॅरंटी मी देत नाही.”

बाबांना जेवताना सांगितलं. धोंडिबा कांबळे, दारूगोळा कारखान्यात छत्तीस वर्षं, एक दिवस बिनपगारी नाही. घास तसाच ठेवून म्हणाले, “आधी अर्ज कर, मैत्री. कंपनीला कळव. विचारून केलं की तो हक्क, न विचारता केलं की चोरी. आणि पोच घे.”

कायद्यावर बाबांचा असा विश्वास आहे, जसा कोणाचा देवावर असतो. आमच्या घरात देव नाही, म्हणून सगळाच्या सगळा कायद्यावर.

९ जानेवारी

अर्ज पाठवला. मराठीत, दोन पानी, कलमांसकट. ‘आमच्या एका अंध विद्यार्थिनीने आपले पुस्तक विकत घेतले आहे. वाचता येईल अशी प्रत द्यावी. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास कायद्याने दिलेल्या सवलतीनुसार आम्ही ती तयार करू.’ तिचं नाव घातलं नाही. खाली माझं नाव, हुद्दा, फोन नंबर.

बाबांनी दोनदा वाचून घेतला. ‘आपली विश्वासू’ राहिलं होतं, ते घालायला लावलं.

१० जानेवारी

उत्तर आलं! ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.’ मशीनचं.

२४ जानेवारी, शुक्रवार

पंधरा दिवस झाले. काढलं कुलूप. वीस मिनिटं लागली, त्यातली दहा कार्यशाळेतलं आठवण्यात.

अक्षता समोर बसली होती. फोन म्हणाला, “प्रकरण पहिलं.” मला वाटलं ती हसेल, काहीतरी बोलेल. तिने आवाजाचा वेग वाढवला. मग आणखी वाढवला. फोन इतका भरभर बोलायला लागला की मला एक शब्द कळेना. ती मान खाली घालून ऐकत होती. दीड तास. मी मधे दोनदा तिच्याकडे पाहिलं आणि दोनदा माझंच काम चुकवलं.

निळ्या कव्हराच्या वहीत पहिली नोंद केली. नाव, पत्ता, पुस्तक, कारण. कारणाच्या रकान्यात काय लिहू? ‘वाचण्यासाठी’ लिहिलं.

आमचे मुख्य ग्रंथपाल काळभोर सर — रावसाहेब हे त्यांचं नावच आहे, हुद्दा नव्हे — जवळून गेले. “काय चाललंय?” सांगितलं. “आपल्या अंगावर येणार न्हाई ना?” नाही म्हटलं. “मग मी काय बघितलं न्हाई,” म्हणाले आणि वर्तमानपत्रं मोजायला गेले.

१२ फेब्रुवारी

वहीत नऊ नावं झाली. अक्षताने सांगितलं असणार. ऋषी नावाचा मुलगा हिंजवडीहून आला, तिथे एका कॉल सेंटरमध्ये रात्रपाळी करतो, सकाळी थेट इकडे. मी प्रत्येकाची खरेदीची पावती बघते, अंधत्वाचं प्रमाणपत्र बघते, मगच. एकाने विचारलं, “मॅडम, तुम्हाला बक्षीस काय मिळतं?” म्हटलं, वहीची पानं भरतात.

बरं वाटतंय. लिहून ठेवते, म्हणजे नंतर खोटं वाटायला नको.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तेच पुस्तक टेलिग्रामवर आलंय. अख्खं, कुलूप नसलेलं, फुकट. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून सकाळपासून फिरतंय. आमच्या वाचनकक्षातही तिघांच्या फोनवर दिसलं.

आमच्याकडून तर नाही?

अक्षताला विचारलं. तिचा चेहरा पाहूनच विचारल्याची लाज वाटली. “मॅडम, मी माझा जेवणाचा डबा कोणाला देत नाही, पुस्तक देईन?”

बाकी आठ जणांना विचारायचं धाडस झालं नाही.

२४ फेब्रुवारी, सोमवार

प्राचार्यांच्या खोलीत बोलावलं. कंपनीचा माणूस बसला होता. विश्वजीत कोणीतरी, तिशीतला, गोड बोलणारा. त्याच्यासमोर माझा अर्ज. माझाच, ‘आपली विश्वासू’वाला.

“मॅडम, आम्ही कुलूप काढणार असं लेखी कळवणाऱ्या आख्ख्या महाराष्ट्रात तुम्ही एकट्याच आहात.”

मी म्हटलं, “चोर चोरी करायच्या आधी अर्ज करतो का?”

“तेच तर कळत नाहीये आम्हाला,” तो म्हणाला. हसून!

मग वहीचं निघालं. मीच काढलं ते. मूर्खासारखी, अभिमानाने — माझ्याकडे प्रत्येकाची नोंद आहे, कायद्याने सांगितल्याप्रमाणे. त्याने लगेच वही उघडली स्वतःची, पेन काढलं. “मग सोपं आहे. ती नावं द्या. पोलीस एकेकाला बोलावतील, फोन तपासतील. ज्याने फोडलं तो सापडेल, बाकीचे सुटतील.”

काळभोर सर खिडकीबाहेर बघत होते. प्राचार्य म्हणाले, “दोन आठवड्यांत द्या.”

२५ फेब्रुवारी

तेजस्विनी म्हणते, दे. “तीच तुझी ढाल आहे, मैत्री. वही दाखवलीस की तुझ्याविरुद्ध काही टिकत नाही. केस जिंकशील.”

“कधी?”

“सहा-सात वर्षांत.”

“आणि ती नऊ मुलं?”

म्हणाली, “त्यांनाही काही होणार नाही. शेवटी.”

शेवटी! सरकारी नोकरी लागली की चारित्र्य पडताळणी होते. पोलीस चौकीत नाव आहे का, एवढंच बघतात, पुढे निर्दोष सुटला का ते फाईलच्या तळाशी असतं. आणि फोन तपासायला नेला की परत कधी मिळणार? त्यांचा फोन म्हणजे नुसता फोन नाही. डोळे जमा करून घ्यायचे आणि पावती द्यायची.

२८ फेब्रुवारी

ऋषी आला होता. त्याला कोणीतरी सांगितलंय. “मॅडम, माझं नाव असेल तर असू दे. मी काही केलं नाही, मला कसली भीती?” मग दारापर्यंत जाऊन परत आला. “पण हिंजवडीला कळवतील का हो? तिथे नुसती चौकशी म्हटलं तरी आयडी कार्ड काढून घेतात.”

कळवणार नाहीत म्हटलं. मला काय माहीत?

३ मार्च, सोमवार

कंपनीचा निरोप आला: नावं द्या, नाहीतर माफीनामा लिहून द्या. बाबा म्हणतात, वहीही द्यायची नाही आणि माघारही घ्यायची नाही. लढायचं. “कायदा आपल्या बाजूचा आहे ना? मग घाबरायचं कशाला?”

“बाबा, बाजूचा आहे. पण तो येईपर्यंत मुलांची वयं निघून जातील.”

“आमची गेली नाहीत का?” म्हणाले. त्यांच्या बढतीचा दावा अकरा वर्षं चालला होता. निकाल त्यांच्या बाजूने लागला, निवृत्तीनंतर चार महिन्यांनी. तो निकाल त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये लावलाय.

५ मार्च

अक्षताला विचारलं, तू काय करशील माझ्या जागी? ती म्हणाली, “मॅडम, मला नका विचारू. मी माझंच बघून उत्तर देईन.” इतकं खरं आजवर कोणी बोललं नव्हतं माझ्याशी.

१० मार्च

वही फाडली. बारीक तुकडे करून ओल्या कचऱ्यात घातली, चहाच्या चोथ्याखाली. कचरा न्यायला येणाऱ्या चंपाबाईने बादलीत डोकावून पाहिलं. “ताई, कागद सुक्यात टाकायचा. कितीदा सांगू?”

मी सगळे तुकडे पुन्हा वेचले. सुक्यात टाकले.

१२ मार्च, बुधवार

सही केली.

कंपनीने लिहूनच आणलं होतं. ‘मी सदर पुस्तकाचे संरक्षण काढले. कोणाला प्रती दिल्या याची नोंद ठेवली नाही. त्यातूनच प्रत बाहेर गेली, याबद्दल मी बिनशर्त माफी मागते. यापुढे या विषयात माझी कोणतीही तक्रार वा दावा राहणार नाही.’ बदल्यात पोलिसांत जाणार नाहीत. विद्यार्थ्यांची चौकशी नाही.

विश्वजीतने विचारलं, “मॅडम, त्या दिवशी तर वही आहे म्हणाला होतात?”

“खोटं बोलले,” म्हटलं.

त्यालाही कळलं असणार. पण सही हवी होती, ती मिळाली. उठताना मला ‘थँक यू’ म्हणाला.

तेजस्विनीला फोटो पाठवला होता. तिचा फोन आला, ओरडलीच. “नोंद ठेवली नाही हे एक वाक्य लिहिलंस आणि होता नव्हता तेवढा कायदा हातातून घालवलास! निदान मला विचारायचंस!”

विचारलं असतं तर सही झाली नसती.

१३ मार्च

बाबांना सांगावंच लागलं. त्यांनी माफीनाम्याची प्रत मागितली. चष्मा लावून वाचली. दोनदा, अर्ज वाचला होता तशीच.

“तू लिहून दिलंस? गुन्हा केला म्हणून?”

“मुलांसाठी बाबा.”

“मुलांसाठी करायला ना नाही. पण जे बरोबर होतं ते चूक होतं असं लिहून दिलंस. उद्या दुसरी कोणी पोरगी कुलूप काढायला गेली, तर हाच कागद तिच्यापुढे धरतील.”

प्रत घडी करून माझ्या हातात दिली. जेवले नाहीत.

१७ मार्च

ग्रंथालयात परिपत्रक लागलं. ‘कोणत्याही ई-पुस्तकाचे कोणत्याही कारणास्तव रूपांतर करू नये.’ मलाच टाईप करायला दिलं. शुद्धलेखन तपासून लावलं.

दुपारी त्या नऊ जणांना फोन केले. आपापल्या फोनमधून ती प्रत काढून टाका. कायद्याने ठेवता येत असेलही, पण आता तुमच्यासाठी भांडायला माझ्याकडे कागद नाही. सगळे ‘हो मॅडम’ म्हणाले. अक्षता म्हणाली, “काढली. तुमच्याशी बोलता बोलताच काढली.” परीक्षेला तिच्याकडे आता पुस्तक नाही. म्हणजे आहे, विकत घेतलेलं. रिकामं.

२४ मार्च

काळभोर सरांनी चहा मागवला माझ्यासाठी. नऊ वर्षांत पहिल्यांदा. तेव्हाच काय ते समजलं.

“मी बोललो प्राचार्यांशी. म्हटलं, पोरगी चांगली हाय. ते म्हणाले, चांगली हाय म्हणूनच पत्र देत न्हाई, नुसतं कंत्राट संपू देतो.”

३१ मार्च, सोमवार

संपलं. कपाटाच्या किल्ल्या दिल्या, पोच घेतली.

४ एप्रिल

एका शाळेत मुलाखत. “आधीची नोकरी का सोडली?” संपली म्हटलं. बाईंनी आमच्या कॉलेजात फोन करते म्हणून सांगितलं. आता काही यायचं नाही तिथून.

९ एप्रिल

काही नाही. घर झाडलं.

१४ एप्रिल, सोमवार

जयंती. बाबांनी पांढरा सदरा इस्त्री केला, एकटेच गेले. दरवर्षी मी बरोबर असते. दारात थांबले जरा, मी ‘डोकं दुखतंय’ म्हटलं. ‘बरं’ म्हणाले. महिन्याभरात आमचं एवढंच बोलणं होतं — बरं, जेव, गॅस बंद कर.

ते रागावलेले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचं काहीतरी मी मोडून टाकलंय आणि ते तुकडे ते माझ्यासमोर आणत नाहीत, एवढंच.

संध्याकाळी पेढा आणून ओट्यावर ठेवला होता.

१८ एप्रिल

ऋषीचा मेसेज. यंदा परीक्षा देत नाही म्हणाला. पुढच्या वर्षी बघू. ‘तुमच्यामुळे नाही हं मॅडम.’ ज्याला तसं वाटत नाही, तो असं लिहील कशाला?

ज्यांच्यासाठी सही केली त्यांचं तरी भलं झालं, असं म्हणायची सोय होती. तीही गेली.

२२ एप्रिल, मंगळवार

सकाळी अक्षताचा फोन. “मॅडम, रागावू नका. टेलिग्रामवरची ती चोरीची प्रत उतरवली, तुम्हालाही पाठवलीय. दुसरी राहिलीच नव्हती माझ्याकडे. शेवटचं पान उघडा, काय दिसतं?”

उघडलं. कोरं पान. तसं सांगितलं.

“मला दिसत नाही, पण ऐकू येतं,” म्हणाली. “पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत असणार. तुमच्याकडून घेतलेल्या प्रतीत हे नव्हतं. ती मी तीनदा शेवटपर्यंत ऐकली होती. ऐका.” तिने वेग कमी केला, माझ्यासाठी. तिचा फोन संथपणे म्हणाला, “पानदीप. अंतर्गत तपासणी प्रत. फक्त कार्यालयीन वापरासाठी. बाहेर देऊ नये.”

पुन्हा लावायला सांगितलं. मग आतल्या खोलीत गेले, बाबा वर्तमानपत्र वाचत होते, फोन त्यांच्या कानाला लावला.